सेंद्रिय हळद : शेतावर शिकावयाचा पाठ

हरिद्रा हे आपल्या नित्य व्यवहारातील द्रव्य. चूर्ण, खंड, तैल, लेप अशा अनेक कल्पांत ते योजले जाते. तथापि पोत्यावरील ‘सेंद्रिय’ या शब्दामागे कोणते श्रम व कोणती जोखीम असते, हे औषधालयात बसून कळत नाही. सुश्रुतसंहितेच्या भूमिप्रविभागीय अध्यायात औषधी कोणत्या भूमीतून घ्यावी आणि ती कृमी, विष आदींनी दूषित नसावी, असे विवेचन आहे. त्याचा प्रत्यक्ष अर्थ जाणण्यासाठी सांगली, सातारा वा हिंगोली जिल्ह्यातील एखाद्या शेतकरी कुटुंबाकडे एका हंगामात तीन वेळा जावे, असे आम्ही सुचवतो.

पहिली भेट : लागवड (मे-जून)
बेण्यासाठी निरोगी जेठे गड्डे निवडले जातात. एकरी सुमारे १० क्विंटल बेणे लागते. बेणे कोठून आणले, त्यावर कोणती प्रक्रिया केली, आधीचे पीक कोणते होते, शेजारच्या शेतातील फवारणीपासून संरक्षण कसे केले, हे विचारावे व नोंदवही पाहावी. प्रमाणीकरणाचा पाया ही नोंदवहीच आहे.

दुसरी भेट : भरणी (ऑगस्ट-सप्टेंबर)
पाऊस व पाण्यामुळे माती वाहून कंद उघडे पडले की कंदमाशी तेथे अंडी घालते. पुढे कंदकूज होते. रासायनिक शेतीत यावर क्विनॉलफॉससारखे कीटकनाशक वापरतात. सेंद्रिय शेतकरी वेळेवर माती चढवून कंद झाकतो, सडके कंद उपटून नष्ट करतो, ट्रायकोडर्मा वापरतो, तसेच भरडलेले एरंडबीज पाण्यात आंबवून माशीसाठी सापळे लावतो. यांपैकी एकही काम पुढे ढकलता येत नाही. घरातील सर्व माणसे शेतात का असतात, हे येथे उमगते.

तिसरी भेट : काढणी व प्रक्रिया (जानेवारी-मार्च)
पाने वाळल्यावर कंद काढून शिजवतात, उन्हात वाळवतात आणि ढोलात फिरवून झळाळी आणतात. ओल्या हळदीच्या साधारण एकपंचमांश सुकी हळद मिळते. प्रक्रियेच्या या टप्प्यापासून पुढे भेसळीस वाव असतो. रंग खुलवण्यासाठी लेड क्रोमेट हे शिसेयुक्त विषारी द्रव्य वापरले गेल्याची उदाहरणे आहेत. म्हणून अतिशय भडक पिवळ्या हळकुंडास उत्तम न मानता शंकेने पाहावे व प्रयोगशाळेतून शिशाची तपासणी करून घ्यावी.

संक्रमणकाळाचा प्रश्न
२००१ पासून अमलात असलेल्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमानुसार वार्षिक पिकांसाठी पेरणीपूर्वी सर्वसाधारणपणे किमान दोन वर्षांचा संक्रमणकाळ पाळावा लागतो. या काळात रसायने वर्ज्य असतात, उत्पन्न घटण्याची भीती असते, परंतु माल ‘सेंद्रिय’ म्हणून विकता येत नाही. हा भार एकट्या शेतकरी कुटुंबावर पडतो आणि पुष्कळ कुटुंबे येथेच माघार घेतात.

आमच्या मते औषधनिर्मात्यांचे कर्तव्य येथूनच सुरू होते. संक्रमणकाळातील हळद तपासून, ‘सेंद्रिय’ असा दावा न करता, पूर्वनिश्चित दराने घेण्याचा लेखी करार करावा. शक्य तर दोन-तीन औषधालयांनी मिळून करावा. प्रमाणपत्र मिळाल्यावर मागणी करणारे अनेक असतात. त्याआधीच्या दोन वर्षांत सोबत राहणाऱ्या व्यवसायबंधूंनाच शुद्ध द्रव्याचा खात्रीचा पुरवठा लाभेल.