लग्नाचे वय आणि पिढ्यांचा संवाद : 'शारदा' ते 'जिणं आमुचं'

विवाह कोणत्या वयात व्हावा, हा प्रश्न मराठी वाङ्मयात शतकाहून अधिक काळ चर्चिला जात आहे. वाङ्मयेतिहासात त्याची मांडणी बहुधा एका सरळ रेषेत केली जाते : आधी बालविवाह, मग सुधारकांचा लढा, मग कायदा आणि अखेरीस प्रौढविवाहाचा स्वीकार. ही रेषा सोयीची आहे. पण कलाकृती व आत्मकथने जवळून वाचली असता ती टिकत नाही. लवकर आणि उशिरा या दोन शब्दांमागे खरा प्रश्न निर्णय कोणाचा, हा आहे. वयाची मर्यादा पुढे सरकली तरी तो प्रत्येक पिढीपुढे नव्या रूपात उभा राहतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

याची पहिली साक्ष आपली भाषाच देते. मुलगी 'उजवणे', तिचे 'हात पिवळे करणे', तिला 'देणे' या सर्व प्रयोगांत क्रिया आईबापांची असते आणि मुलगी कर्मस्थानी असते. वय उलटलेल्या मुलीसाठी 'घोडनवरी' असा बोचरा शब्द आहे. मुलग्यासाठी तितका विखारी शब्द रूढ नाही. मुलगी कर्मस्थानावरून कर्तृस्थानी कधी आणि कशी आली, हे पाहणे म्हणजेच या विषयाचा वाङ्मयीन इतिहास पाहणे होय.

१. 'शारदा' आणि तिची मर्यादा

१८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने शरीरसंबंधाला मुलीची संमती ग्राह्य धरण्याचे वय १० वरून १२ वर्षे केले. हा कायदा विवाहाच्या वयाचा नव्हता. तरीही त्यावरून महाराष्ट्र ढवळून निघाला. सरकारने धर्माचारात हस्तक्षेप करू नये, अशी भूमिका टिळकांनी घेतली, तर आगरकरांनी कायद्याची बाजू मांडली. याच सुमारास हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक' पत्रातून क्रमशः प्रसिद्ध होत होती. यमूच्या तोंडून तिची कहाणी सांगवून आपट्यांनी मराठी कादंबरीत स्त्रीला निवेदनाचा अधिकार दिला. मात्र यमूला सांगता येते, ठरवता येत नाही.

गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संगीत शारदा' १८९९ मध्ये रंगभूमीवर आले. बालविवाहाविरुद्धचे नाटक म्हणून ते शिकवले जाते. नेमके पाहता देवलांचा रोख जरठविवाह आणि कन्याविक्रय यांवर आहे. कांचनभट पैशाच्या लोभाने मुलगी म्हाताऱ्या भुजंगनाथाला देऊ पाहतो, हा अन्याय आहे. आणि कोदंडासारखा तरुण वर मिळताच तो अन्याय संपतो. मुलीने काही वर्षे थांबावे, शिकावे, स्वतः ठरवावे, ही मागणी नाटकाच्या रचनेत केंद्रस्थानी येत नाही. नाटकाचे मोठेपण यामुळे उणावत नाही. परंतु त्याच्याकडून आपण अधिकची अपेक्षा करतो, एवढे मान्य करावे लागते.

ही मागणी त्याआधीच एका तरुणीने न्यायालयात केली होती. बालपणी विवाह झालेल्या रखमाबाईंनी पतीच्या घरी जाण्यास नकार दिला. पतीने १८८४ मध्ये दावा लावला; १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांचा निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला. १८८७ मध्ये मात्र नांदायला जा अथवा सहा महिने तुरुंगवास भोगा, असा आदेश झाला. १८८८ मध्ये तडजोड होऊन प्रकरण मिटले. रखमाबाई पुढे इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. अजाण वयात, संमतीवाचून झालेला विवाह आपल्याला बांधील नाही, ही त्यांची भूमिका समकालीन ललित साहित्याच्या बरीच पुढे होती.

२. 'घडवणे' हे मूल्य

रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) हे पुस्तक लवकर लग्नामागील विचार आतून दाखवते. १८७३ मध्ये विवाह झाला तेव्हा रमाबाई अकरा-बारा वर्षांच्या होत्या आणि विधुर न्या. रानडे तिशी ओलांडलेले होते. विधवाविवाहाच्या पुरस्कर्त्याने वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवली, ही विसंगती तत्कालीन समाजाने टिपलीच. मुलगी लहानपणीच घरात यावी, म्हणजे ती घराच्या वळणाला लागते, ही घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांची धारणा होती. रानड्यांनी पत्नीला शिकवायला घेतले, तेव्हा त्याच स्त्रियांनी तिचा छळ मांडला. दोन्ही बाजूंचा संघर्ष तीव्र असला, तरी एका मुद्द्यावर त्यांचे एकमत दिसते : मुलगी घडवायची असते. वळण कोणते, एवढाच वाद होता. रमाबाईंनी पुढे सेवासदनाच्या कार्यातून स्वतःचे वळण निर्माण केले, हे त्या वादाला त्यांनी दिलेले उत्तर होय.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. त्यांचाही विवाह १८८० मध्ये, अजाण वयात झाला. परंतु त्या आपले बालपण करुणेच्या सुरात सांगत नाहीत. खट्याळ, स्वच्छ विनोदाने सांगतात. लवकर लग्न झालेल्या पिढीला केवळ बळी म्हणून वाचण्याची आपली सवय या पुस्तकापुढे अपुरी पडते. ज्या व्यवस्थेत निवड नव्हती तिच्यातही व्यक्तिमत्त्व फुलले. मात्र एखादीचे फुलणे हे व्यवस्थेचे समर्थन ठरत नाही.

३. उशिराचे निःश्वास

१९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने विवाहाचे किमान वय मुलीसाठी १४ व मुलग्यासाठी १८ ठरवले. हा कायदा हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखला जातो. देवलांच्या नायिकेशी त्याचे केवळ नामसाधर्म्य आहे. त्यानंतर चारच वर्षांनी, १९३३ मध्ये, विभावरी शिरूरकर या टोपणनावाने मालतीबाई बेडेकर यांचा 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला आणि एकच खळबळ उडाली.

येथे चित्र उलटे झाले आहे. या कथांतील मुली शिकलेल्या आहेत, नोकरी करतात आणि अविवाहित आहेत. त्यांचे वय वाढते आहे, ते त्यांनी ठरवले म्हणून नव्हे. कुठे हुंडा जुळत नाही, कुठे त्यांच्या पगारावर वडिलांचे घर चालते. सुधारकांच्या पिढीने ज्या उशिरासाठी लढा दिला, तो उशीर पुढच्या पिढीला मिळाला. निर्णय मात्र मिळाला नाही. 'शारदा' आणि 'कळ्यांचे निःश्वास' यांच्यात ३४ वर्षांचे अंतर आहे. पण दोन्हींत मुलीच्या वयाचा हिशेब बापाच्या गरजेने होतो, हे साम्य विलक्षण आहे.

४. सासू नावाची पिढी

आतापर्यंतची उदाहरणे प्रामुख्याने पांढरपेशा वर्गातील आहेत. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) हे आत्मकथन या चौकटीबाहेरचे विश्व उभे करते. महार समाजातील कोवळ्या सुनांची दळणकांडणातली, अर्धपोटी आयुष्ये आणि सासूकडून होणारा छळ त्यांनी निर्भीडपणे नोंदवला आहे. याहून महत्त्वाचे म्हणजे या छळाचा उगम त्या दाखवतात. जिला गुलाम केले गेले, तिला सत्ता गाजवायला एकच जागा उरते : सून. लहान वयाची सून ही त्या अर्थाने व्यवस्थेची गरज आहे. जी स्वतः पोरवयात आली ती सासू होऊन पोरवयाची सून आणते. आंबेडकरी चळवळीने शिक्षणाचा आग्रह धरला, तेव्हा ही साखळी तुटण्याची शक्यता प्रथमच निर्माण झाली, हे या आत्मकथनाचे सूत्र आहे.

५. मराठवाड्याचा संदर्भ

१९२९ चा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या संस्थानात होता. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथे मिलिंद महाविद्यालय १९५० मध्ये आणि विद्यापीठ १९५८ मध्ये सुरू झाले. म्हणजे येथील अनेक घरांत आजी, आई आणि मुलगी या तीनच पिढ्यांत हा सर्व प्रवास दाटला आहे.

१९७८ पासून किमान वय मुलीसाठी १८ आणि मुलग्यासाठी २१ आहे. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न १८ वर्षांपूर्वी झाल्याचे आढळले. परभणी व बीड जिल्ह्यांत हे प्रमाण सुमारे दुप्पट होते. यामागे केवळ जुनी समजूत नाही. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. उचल त्या जोडीला मिळते. आईबाप सहा-सहा महिने फडावर असताना वाढत्या मुलीला गावी कोणाच्या भरवशावर ठेवायचे, ही चिंता लग्नाची घाई करवते. स्वतः लवकर लग्न झालेली आई मुलीने शिकावे असे मनापासून म्हणते आणि त्याच वर्षी तिचे लग्नही ठरवते, तेव्हा ती ढोंगी नसते. तिच्या हाती पर्याय नसतो.

दुसरीकडे उशीरही लादला जातो आहे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. ज्या पिढीने मुली नाकारल्या, तिचीच मुले आज वधूवाचून थांबली आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुणांनी नवरदेवाच्या वेशात मोर्चा काढला, तो या कोंडीचा उपरोधिक आविष्कार होता. मुलींचे किमान वय २१ करणारे विधेयक २०२१ मध्ये लोकसभेत मांडले गेले. २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाल्यावर ते व्यपगत झाले. परंतु आकडा वाढवल्याने वाक्यातला कर्ता बदलेलच, असे वरील वाङ्मयीन साक्ष पाहता म्हणता येत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते, की लवकर विरुद्ध उशिरा हे द्वंद्व पिढ्यांमधील अंतराचे खरे मोजमाप नाही. यमू सांगू लागते, रखमाबाई नाकारतात, विभावरींच्या नायिका आपल्या कोंडीला नाव देतात, बेबी कांबळे छळाची साखळी उघड करतात : बदल आहे तो या क्रियापदांत. अध्यापकांच्या दृष्टीने याचा एक व्यावहारिक अर्थ आहे. 'शारदा' हे सरलेल्या काळाचे नाटक म्हणून शिकवले, तर समोरच्या बाकावरील जी विद्यार्थिनी दुसऱ्या सत्राला येणारच नाही, तिच्याविषयी आपण काहीच बोललो नाही, असे होईल. नाटकाच्या अखेरीस शारदेचे काय झाले, एवढेच न विचारता शारदेला काय हवे होते, हेही वर्गात विचारले जावे. मुलगी वाक्याची कर्ती होण्याची सुरुवात कधीकधी अशा एका प्रश्नापासून होते.