नोकरदार कुटुंब आणि कुत्र्याचे पाळणाघर

घरातील सर्व प्रौढ माणसे कामावर जात असल्यास पाळीव कुत्र्याची दिवसभराची निगा हा प्रश्न उभा राहतो. दिवसा कुत्री सांभाळणारी पाळणाघरे हा त्यावरील एक उपाय होय. तथापि तो प्रत्येक कुत्र्यास मानवतोच असे नाही. म्हणून पुढील बाबींचा विचार करणे इष्ट ठरते.

१. गरजेची खात्री : निरोगी प्रौढ कुत्रे दिवसाचा निम्मा काळ, कित्येकदा त्याहून अधिक, झोपेत व विश्रांतीत घालविते. सकाळचा पुरेसा फेरफटका, दुपारी कोणी तरी येऊन बाहेर नेणे व सायंकाळचा सहवास एवढ्यावर ते समाधानी असल्यास पाळणाघराची आवश्यकता नसते. मालक बाहेर पडताच सतत रडणे, दार कुरतडणे, सवय लागलेली असूनही घरात घाण करणे ही मात्र एकटेपणाच्या भीतीची लक्षणे असू शकतात. ती बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच दिसतात; शेजाऱ्यांकडे चौकशी केल्यास खात्री पटते. पाळणाघरामुळे अशा कुत्र्याची सोबतीची सोय होते, पण मूळ भीती जात नाही. त्यासाठी पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा.

२. स्वभाव व वय : इतर कुत्र्यांशी खेळण्यात रमणारे तरुण कुत्रे पाळणाघरात सुखी राहते. भित्रे, भांडखोर, वृद्ध वा सांधेदुखीने त्रस्त कुत्रे तेथे ठेवू नये. पगसारख्या आखूड नाकाच्या जातींना उकाडा सोसत नाही; कुत्रे मुख्यतः धापा टाकूनच शरीराची उष्णता घालविते, हे ध्यानात ठेवावे.

३. लसीकरण : अनेक कुत्री एकत्र आली की रोगप्रसारास वाव मिळतो. पार्व्हो व डिस्टेंपर या रोगांच्या लसी पिल्लास सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत ठराविक अंतराने द्याव्या लागतात. हा क्रम पुरा होण्यापूर्वी पिल्लू पाळणाघरात पाठविणे धोक्याचे असते, कारण पार्व्होचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो. पावसाळी प्रदेशात लेप्टोस्पायरोसिसची लसही महत्त्वाची. रेबीजची लस तर अनिवार्य समजावी. गोवा राज्य २०२१ साली रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले, ते वर्षानुवर्षे चाललेल्या सामूहिक लसीकरणाचे फळ होय. ते टिकविणे प्रत्येक मालकाच्या हाती आहे.

४. जागेची पाहणी : लसीकरणाचे दाखले न मागणारे पाळणाघर तत्काळ वर्ज्य करावे. सावली, वारा, स्वच्छ पाणी, धुता येणारी जमीन व निसटू न देणारे कुंपण आहे की नाही, हे पाहावे. लहान व मोठी कुत्री वेगळी ठेवतात काय, प्रत्येकाला विश्रांतीची जागा आहे काय, देखरेखीस माणूस सतत हजर असतो काय आणि आजारी पडल्यास कोणत्या पशुवैद्यकाकडे नेतात, हे विचारून घ्यावे.

५. चाचणी : आरंभी अर्धा दिवस ठेवून पाहावे. कुत्रे घरी येऊन नेहमीप्रमाणे खाऊन शांत झोपले तर चांगले. अन्न नाकारणे, जुलाब, दडून बसणे, पाळणाघराच्या दारात शेपूट पायांत घालून मागे ओढणे अशी लक्षणे पुनःपुन्हा दिसल्यास हट्ट धरू नये. आठवड्यातून एक-दोनच दिवस पाठविणे किंवा दुपारी घरी येणारा विश्वासू माणूस नेमणे हे पर्याय अशा वेळी अधिक हितकारक ठरतात.

सारांश, मालकाची सोय हा निर्णयाचा प्रारंभ असला, तरी शेवटचा कौल कुत्र्याच्या प्रकृतीने व वर्तनानेच द्यावा.