पाऊस नसताना नदी का चढते?

सेमिस्टर संपली रे संपली की हॉस्टेलमधला प्रत्येक ग्रुप पाठीला सॅक अडकवून कुठे ना कुठे निघतो. नदीकाठी तंबू आणि सकाळी राफ्टिंग, हा सगळ्यांचा लाडका बेत. आम्ही अकरा जण मागच्या डिसेंबरात कोलाडला कुंडलिका नदीवर जाऊन आलो. शेकोटी कशी पेटली, कोण किती घोरलं, हे मेसमध्ये सगळ्यांचं ऐकून पाठ झालंय, म्हणून ते इथे लिहीत नाही. मला लिहायचंय त्या नदीच्या पाण्याबद्दल. मी सिव्हिलची आणि त्यातून कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठी जरा सांभाळून घ्या.

पहिला प्रश्न असा की डिसेंबरात कुंडलिकेत राफ्ट चालण्याइतकं पाणी येतं कुठून? कोकणातल्या बहुतेक नद्या दिवाळीनंतर बारीक होतात. कुंडलिकेचं पाणी घाटावरून येतं. पुण्याहून ताम्हिणी घाटाने जाताना जो मुळशीचा जलाशय लागतो, तिथून. (याच धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला होता.) मुळा नदीचं पाणी खरं तर भीमा, मग कृष्णा असं करत बंगालच्या उपसागराला जायचं. ते अडवून बोगद्याने आणि पाइपांनी सुमारे ५०० मीटर खाली, भिऱ्याच्या वीजघरात सोडलं जातं. हे वीजघर १९२७ पासून चालू आहे. वीज काढून झाली की पाणी कुंडलिकेत येतं आणि रेवदंड्याला अरबी समुद्राला मिळतं. एका नदीने समुद्रच बदलला! मला तरी हे राफ्टिंगपेक्षा भारी वाटलं.

आता थोडं गणित. भिऱ्याच्या जुन्या वीजघराची क्षमता १५० मेगावॅट. उंची ५०० मीटर आणि कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर पूर्ण लोडला सेकंदाला साधारण ३४ घनमीटर पाणी लागतं. म्हणजे ३४,००० लिटर. पाच हजार लिटरच्या जवळजवळ सात टाक्या, दर सेकंदाला. भिऱ्याच्या खाली हे पाणी पुन्हा अडवतात, त्यावर आणखी एकदा वीज काढतात आणि मग नदीत सोडतात. सकाळी पाणी सुटलं की राफ्टवाल्यांची धावपळ सुरू होते ती यामुळेच.

पण पाणी सोडायचं ते राफ्टवाल्यांसाठी नाही, विजेसाठी. जलविद्युत संच काही मिनिटांत चालू-बंद करता येतात, म्हणून मागणी वाढली की त्यांना चालवतात. त्यामुळे आकाश स्वच्छ, वारा नाही, तरी नदी वर येऊ शकते. पुस्तकात याला 'सर्ज' म्हणतात. आम्ही तंबूची जागा दाखवल्यावर गावातले एक काका म्हणाले, "हितं नको पोरांनो, पाणी चढतं." पुस्तकातल्या पूर्ण चॅप्टरपेक्षा हे पाच शब्द मला जास्त कळले.

हे नुसतं थिअरीचं नाही. ८ जून २०१४ ला हिमाचलमध्ये मंडी जिल्ह्यात हैदराबादच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजची सहल बियास नदीच्या पात्रात खडकांवर फोटो काढत होती. वरच्या लारजी धरणातून पाणी सोडलं गेलं आणि २४ विद्यार्थी वाहून गेले. आपल्याच वयाची, आपल्यासारखीच इंडस्ट्रियल टूरला आलेली मुलं. त्या दिवशी ग्रीडला वीज नको होती म्हणून निर्मिती कमी केली होती. टर्बाइनमधून न गेलेलं पाणी दरवाजांतून सोडावं लागलं. म्हणजे मागणी वाढली तरी पाणी येऊ शकतं, आणि कमी झाली तरी!

"गुडघाभर पाण्यात काय होतंय?" असं आमच्यातल्या एकाने विचारलंच. त्याला वहीच्या मागच्या पानावर ड्रॅगचं सूत्र मांडून दाखवलं. दोन्ही पायांचं मिळून समोरचं क्षेत्रफळ ०.१ चौरस मीटर धरा. पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटर असेल तर धक्का साधारण ६ किलोचा. वेग २ मीटर झाला की वर्ग होतो, म्हणजे चौपट, २४ किलोच्या आसपास. आता ५५ किलोची मुलगी शेवाळलेल्या गोट्यांवर उभी आहे, घर्षण गुणांक ०.४. तिला धरून ठेवणारं बळ २२ किलो. झालं! आणि पाणी मांडीपर्यंत आलं की ते तिला उचलायलाही लागतं, त्यामुळे पकड आणखी कमी.

म्हणून तंबू टाकण्याआधी नदीलाच विचारायचं. झाडांच्या फांद्यांत प्लॅस्टिक, पालापाचोळा कुठपर्यंत अडकलाय ते बघा. तंबू त्याच्या बराच वर हवा. वाळू मऊ आणि सपाट आहे म्हणून तिथे झोपू नका, ती सपाट पाण्यानेच केलेली असते. पात्रातल्या बेटावर तर मुळीच नको, कारण पाणी आधी परतीची वाट बंद करतं. आम्ही पाण्याच्या कडेला एक दगड ठेवला आणि रात्री आळीपाळीने टॉर्चने बघत राहिलो. पहाटेपर्यंत दगड बुडाला होता. तंबू वर होते, म्हणून ते बघायला मजा आली. आणि वरच्या बाजूला धरण आहे का, भोंगा वाजवतात का, वाजला तर कुठे पळायचं, हे ऑपरेटरला फोनवर विचारा आणि गावातही विचारा. दोन्ही उत्तरं जुळली तर बरं.

राफ्टमधली गोष्ट थोडक्यात. माणसाची घनता जवळजवळ पाण्याइतकीच असते, त्यामुळे डोकं वर ठेवायला ३ ते ५ किलोचा आधार बहुतेकांना पुरतो. पण जॅकेट ढिलं असेल तर तेच वर तरंगतं आणि आपण त्याच्या खालून निसटतो. मैत्रिणीला खांद्याच्या पट्ट्या वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत आलं तर बकल पुन्हा आवळा. पाण्यात पडलात तर पाठीवर, पाय पुढे आणि वर. वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करू नका, पाय दगडांत अडकतो. आणि किनाऱ्यावर आल्यावर जॅकेट काढून त्यावर बसू नका. आतला फोम दबतो आणि पुढच्याला ते कमी तरंगवतं. आमचे गाइड दादा दिवसभरात एकदाच चिडले, ते याच्यावरून.