ग्रेहाउंड रस्त्यात थिजते तेव्हा

इंग्लंडमध्ये शर्यतीतून निवृत्त झालेली ग्रेहाउंड दत्तक घेतलेली मराठी कुटुंबं मला अधूनमधून भेटतात. सुरुवातीच्या दिवसांत बहुतेकांची तक्रार एकच असते: "फिरायला नेलं की मध्येच थिजते. हलतच नाही." अशाच दत्तक घेतलेल्या आमच्या शेवंतीच्या सोबतीत जे कळलं, ते त्यांच्यासाठी लिहिते आहे.

शेवंती आयर्लंडची. तिच्या दोन्ही कानांत गोंदलेली अक्षरं आहेत, ती तिथल्या नोंदणीची खूण. ब्रिटनमध्ये धावणारे बहुतेक ग्रेहाउंड तिकडूनच येतात. माझे सासरे लातूरकडचे. व्हिडिओ कॉलवर तिला पाहताच ते म्हणाले, "अगं, हा तर आपला कारवान!" रूप खरंच तसंच आहे: खोल छाती, आत गेलेलं पोट, लांब पाय. पण कारवान कुत्रा माणसांत, पोराटोरांत, वस्तीच्या गोंगाटात वाढतो. शेवंतीचं सगळं आयुष्य केनेल, गाडी आणि ट्रॅक एवढ्यातच गेलं होतं, आणि तेही कायम इतर ग्रेहाउंडच्या सोबतीत. जिना, काचेचं दार, सायकल, बाबागाडी, कचऱ्याचे डबे यांतलं काहीच तिने पाहिलं नव्हतं. अशा जिवाला एकटीला रस्त्यावर आणलं, तर ती थिजणारच.

थिजणं म्हणजे चारही पाय ताठ, शेपूट पोटाखाली, कान मागे, आणि जीभ सारखी ओठांवर फिरते. याला हट्ट म्हणू नका. शेजारच्या एका भल्या गृहस्थांनी मला सांगितलं होतं, "ओढा तिला, नाहीतर डोक्यावर बसेल." हा सल्ला तुम्हालाही कोणीतरी देईल. तो ऐकू नका, कारण ओढलं की घाबरलेलं कुत्रं उलट मागे जोर लावतं. ग्रेहाउंडचं डोकं मानेपेक्षा अरुंद असतं, त्यामुळे साधा गळपट्टा क्षणात निसटतो. एका सकाळी कचऱ्याची गाडी धडधडत आली आणि शेवंती मागे रेटत गेली. तिचा पट्टा कानांपर्यंत सरकला. अंगात हार्नेस होता आणि दुसरी दोरी त्याला बांधलेली होती, म्हणून ती हातात राहिली. सुटली असती तर ताशी साठ किलोमीटरने पळणाऱ्या जनावराला गाठणारा माणूस कुठून आणायचा? तेव्हा मार्टिंगेल पट्टा आणि हार्नेस दोन्ही घाला. मार्टिंगेल ओढला की थोडा आवळतो, पण गळफास होत नाही.

ती थांबली की तुम्हीही थांबा. दोरी सैल सोडा, तिच्याकडे टक लावून बघू नका, तिच्या शेजारी बाजूने उभे राहा. तिला बघू द्या, ऐकू द्या. तिने जमीन हुंगली किंवा अंग झटकलं, की मन मोकळं व्हायला लागलं असं समजा. मग समोर न नेता हळूच बाजूला वळवा. पुष्कळदा त्या वळणावरच पाय सुटतात. चिकनचा तुकडा एरवी झडप घालून खाणारी त्या वेळी तोंड फिरवत असेल, तर भीती फार झाली आहे. तेव्हा खाऊचं आमिष दाखवून पुढे नेऊ नका, घरी परता. सुरुवातीला रोज तोच छोटा रस्ता, वर्दळ नसलेली वेळ, एवढं पुरे. घराला बाग असेल तर एखाद्या दिवशी बाहेर न गेल्याने काहीही बिघडत नाही. जवळपास कोणाकडे धीट ग्रेहाउंड असेल तर दोघींना बरोबर चालवा. आम्ही शिकवून जे जमलं नाही, ते शेवंती एका म्हाताऱ्या ग्रेहाउंडच्या मागे चालताना शिकली.

मात्र प्रत्येक थांबणं भीतीचंच असतं असं नाही, आणि मला सर्वांत कळकळीने सांगायचं आहे ते हेच. शेवंती छान रुळली होती. काही महिन्यांनी पुन्हा अडायला लागली. सगळे म्हणाले, जुनी भीती परतली. पण आता शेपूट पोटाखाली नव्हतं, खाऊही ती खात होती. पूर्वी घराकडे वळलं की ती झपाझप चालायची; आता परततानाही थांबत होती. बागेतल्या हिरवळीवर ठीक, डांबरावर आणि खडीवर मात्र पाऊल जपून. पशुवैद्यांनी पंजा उलटून पाहिला, तर बोटाखालच्या गादीत कुरूप! माणसाच्या पायाला होतं तसंच. ग्रेहाउंडमध्ये ते बऱ्याचदा आढळतं, कडक जमिनीवर खड्यासारखं टोचतं, आणि कुत्रं ओरडत नाही, फक्त थांबतं. वरवर पाहताना ते सहज नजरेतून सुटतं. पंजा ओला केला की गादीतला तो गोल ठिपका जास्त स्पष्ट दिसतो.

म्हणून ती कुठे थांबते, कशावर थांबते, जाताना की येताना, हे वहीत लिहून ठेवा आणि ती वही पशुवैद्यांकडे घेऊन जा. दुखण्याची शंका असेल तर सराव थांबवा, आधी पंजे, नखं, पाठ तपासून घ्या. थंडीपावसात तिच्या अंगावर कोटही घाला. तिची कातडी पातळ, चरबी जवळजवळ नाही, आणि नुसत्या गारठ्यानेही ती दारातच अडून राहते.