सोनोग्राफीला पाणी पिऊन या, तपासणीला लघवी करून या!

प्रश्न : आतल्या तपासणीला बाईला टेबलाच्या अगदी कडेला सरकवून, गुडघे वर घेऊन का झोपवतात? कुशीवर झोपून भागत नाही का? शिवाय सोनोग्राफीला 'पाणी पिऊन या' आणि इथे 'लघवी करून या', हे उलटंसुलटं कशासाठी?
– एक वाचक भगिनी, धावडा (ता. भोकरदन, जि. जालना)

उत्तर : शेवटची शंका आधी घेऊ. मूत्राशय गर्भपिशवीच्या अगदी पुढ्यात असतं. पोटावरून सोनोग्राफी करताना ते भरलेलं असलं की आतडी बाजूला सरकतात आणि पिशवी स्पष्ट दिसते. हाताने तपासताना मात्र तेच मूत्राशय आड येतं, आणि दाबलं की कळ येते. म्हणून तिथे ते रिकामं हवं.

आता झोपवण्याचं. डॉक्टर एका हाताची बोटं आत आणि दुसरा हात ओटीपोटावर ठेवून पिशवी चाचपतात. पाय लांब असले की पोट ताठ राहतं, हाताला काही लागत नाही. गुडघे मुडपले की पोट मऊ पडतं. घरी पडल्या पडल्या करून बघा, फरक लगेच कळेल. कडेला सरकवतात ते स्पेक्युलम या उपकरणासाठी. त्याची मूठ खाली धरायला मोकळी जागा लागते. गादी आड आली तर ते तिरपं धरावं लागतं आणि बाईलाच टोचतं.

तरीही कुशीवर तपासणी होतेच. डाव्या कुशीवर, उजवा गुडघा पोटाशी घेऊन. या स्थितीला सिम्स या अमेरिकन सर्जनचं नाव आहे. त्याने १८४० च्या दशकात गुलाम स्त्रियांवर भूल न देता शस्त्रक्रिया केल्या, हेही त्या नावासोबत लक्षात ठेवायला हवं. गुडघे किंवा कंबर धरत असेल, तर 'कुशीवर तपासता येईल का?' असं जरूर विचारा.

'दुखणारच, सोसायचं' हा समज मात्र सोडा. भीतीने मांड्या आवळल्या की आतले स्नायूही आवळतात, त्यामुळे दुखतं, आणि दुखलं की आणखी आवळतात. कंबर टेबलाला टेकू द्या, तोंडाने हळू श्वास सोडा. अंगावर चादर मागा. उपकरण गार लागलं तर कोमट पाण्यात धरायला सांगा. 'थांबा' म्हटलं की डॉक्टरांनी थांबायलाच हवं. डॉक्टर पुरुष असतील तर सोबत दुसरी स्त्री असणं हा तुमचा हक्क आहे. रुग्णहक्कांच्या सनदेत तसं स्पष्ट लिहिलेलं आहे.

हे इतक्या आग्रहाने सांगतो, कारण डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग निघाले, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. तेव्हा अंगावरून पांढरं जात असेल, ओटीपोट दुखत असेल, तर ते अंगावर काढू नका. टेबलावर चढण्याआधी जे विचारायचं ते सिस्टरना मोकळेपणाने विचारा.