फिल्टर कोणी बदलला?

‘फिल्टर बदलला’ आणि ‘प्रेशर बदललं’. मराठीत ही दोन्ही वाक्यं एकाच साच्याची आहेत आणि ऐकणाऱ्याचं काही अडत नाही. फिल्टर कोणीतरी काढून बसवावा लागतो आणि प्रेशर कोणी हात न लावताही खाली-वर होतं, हे त्याला ठाऊक असतं. इंग्रजीत मात्र प्रेशरसाठी ‘द प्रेशर हॅज चेंज्ड’ आणि फिल्टरसाठी ‘द फिल्टर हॅज बीन चेंज्ड’. रात्रपाळीच्या नोंदवहीत ‘द व्हॉल्व्ह पोझिशन हॅज चेंज्ड’ असं लिहिलेलं दिसलं, तर सकाळी येणारा इंजिनियर बिघाड शोधायला लागेल. ‘हॅज बीन चेंज्ड’ असेल, तर कोणी आणि का बदलली एवढंच विचारेल. ‘बीन’ राहून गेलं म्हणून परीक्षेत अर्धा गुण जातो, प्लांटवर सकाळचे दोन तास जातील.

कोकणातल्या अंजनवेलमध्ये मुलगा दहावी-बारावीला आला की घरात दोन शब्द फिरतात, ‘कंपनी’ आणि ‘बोट’. दोन्हीकडे इंग्रजी लागतं आणि तिथेच पालकांचा धीर सुटतो. ‘आमचा मराठी मीडियमचा, त्याला जमेल काय?’ जमेल. या नोकऱ्यांना फर्डं इंग्रजी लागत नाही. काय होतं, काय झालं आणि ते कोणामुळे झालं, एवढं बिनचूक सांगता आलं तर सुरुवातीला पुरतं. म्हणजेच बदल सांगणारी क्रियापदं पक्की हवीत.

मुलाखतीत गावाबद्दल विचारलं, तर इथली मुलं हमखास सांगतील, ‘एन्रॉन बिकेम आरजीपीपीएल.’ हे वाक्य व्याकरणात बसतं, पण माहिती चुकीची देतं. दाभोळ पॉवर कंपनीचा प्रकल्प उभा राहिला अंजनवेलला, नाव मात्र खाडीपलीकडच्या दाभोळचं लागलं. एन्रॉन ही तिची मुख्य प्रवर्तक. पहिला टप्पा 1999 मध्ये सुरू झाला, 2001 मध्ये प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली. पुढे 2005 मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर (आरजीपीपीएल) ही वेगळी कंपनी स्थापन झाली आणि तिने हा प्रकल्प ताब्यात घेतला. ‘बिकेम’ म्हटलं की जुनीच कंपनी नव्या रूपात आली असा अर्थ होतो. इथे मालक बदलला, म्हणून ‘अ न्यू कंपनी टुक ओव्हर द प्लांट’ म्हणायला हवं. उलट, या नव्या कंपनीच्या प्रवर्तकांपैकी एनटीपीसीने त्याच 2005 साली आपलं ‘नॅशनल थर्मल पॉवर कॉर्पोरेशन’ हे लांबलचक नाव बदलून ‘एनटीपीसी लिमिटेड’ केलं. तिथे कंपनी तीच राहिली, म्हणून ‘एनटीपीसी चेंज्ड इट्स नेम’ बरोबर. गावातली माणसं आजही ‘एन्रॉन’च म्हणतात. म्हणू देत, मुलाखतीत मात्र हा फरक सांगता आला तर समोरचा मान वर करून पाहील.

शेजारच्या एलएनजी टर्मिनलवर तर सगळं कामच बदलाचं. उणे 162 अंश सेल्सिअसच्या आसपास द्रवरूपात ठेवलेला नैसर्गिक वायू इथे पुन्हा वायुरूपात आणतात. ‘इट चेंजेस फ्रॉम लिक्विड टू गॅस.’ कशातून आणि कशात, ही दोन टोकं म्हणजे ‘फ्रॉम’ आणि ‘टू’. आकड्यांशी आणखी एक जोडी येते. ‘इन्क्रीज्ड बाय 5’ म्हणजे पाचने वाढलं, ‘इन्क्रीज्ड टू 5’ म्हणजे पाचपर्यंत पोचलं. ‘ने’ आणि ‘पर्यंत’ यांत आपली मुलं कधी गोंधळत नाहीत, मग ‘बाय’ आणि ‘टू’मध्ये गोंधळायचं कारण नाही. फक्त कोणी तरी ही जोडी त्यांना एकदा लावून दाखवायला हवी.

मराठी मुलांना खरा त्रास देतात ती ‘होणे’ आणि ‘येणे’सारखी क्रियापदं. उशीर झाला, ताप आला, चार वाजले, पगार झाला, काम झालं. यांतल्या बऱ्याच ठिकाणी मुलं ‘बिकेम’ ठोकून देतात. ‘आय बिकेम लेट’ असं इंग्रजीत कोणी म्हणत नाही, ‘आय वॉज लेट’ म्हणतात. ताप आला म्हणजे ‘आय गॉट अ फीव्हर’, काम झालं म्हणजे ‘द वर्क इज डन’. दूध नासलं तर ‘द मिल्क टर्न्ड सावर’, भरती संपून ओहोटी लागली तर ‘द टाइड हॅज टर्न्ड’. ‘बिकम’ ठेवावं ते ‘आय वॉन्ट टू बिकम अ वेल्डर’ अशा वाक्यासाठी, आणि त्यातला ‘अ’ गाळू नये. ‘हॅज’नंतर पुन्हा ‘बिकम’च येतं. ‘हॅज बिकेम’ ही चूक मी पदवीधरांच्या अर्जांतही वाचतो.

बोटीवर जायचं असेल तर सोपं आहे, कारण तिथली वाक्यं ठरलेली आहेत. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 मध्ये जहाजांवरच्या संभाषणासाठी प्रमाणित वाक्यांचा संच स्वीकारला. रेडिओवर ‘चेंज टू व्हीएचएफ चॅनल सिक्स’ आलं की उत्तर ‘चेंजिंग टू व्हीएचएफ चॅनल सिक्स’. समोरासमोरची जहाजं एक छोटा भोंगा वाजवतात तेव्हा त्याचा अर्थ ‘आय ॲम ऑल्टरिंग माय कोर्स टू स्टारबोर्ड’, म्हणजे उजवीकडे वळतोय. दोन भोंगे म्हणजे डावीकडे. वाऱ्याची दिशा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरली तर ‘व्हिअरिंग’, उलट फिरली तर ‘बॅकिंग’. मतलई वारा कधी पडतो हे ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, त्यांना हे दोन शब्द जड जाऊ नयेत.

बोटीवर खलाशी म्हणून जायच्या जीपी रेटिंग अभ्यासक्रमासाठी इंग्रजीत किमान 40 टक्के लागतात. अधिकारी व्हायचं तर डेक कॅडेटच्या अभ्यासक्रमाला दहावी किंवा बारावीच्या इंग्रजीत 50 टक्के आणि बारावीला भौतिक, रसायन, गणितात सरासरी 60. गणितासाठी क्लास लावणारे पालक इंग्रजी गृहीत धरतात आणि मुलगा दोन-चार गुणांनी अडकतो. अर्ज करताना त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचावं, आणि संस्था नौवहन महानिदेशालयाच्या यादीत आहे का हे एजंटच्या हातात एक रुपयाही देण्याआधी पाहावं. कोकणातल्या कित्येक घरांनी ही तपासणी न करता बागा गहाण टाकल्या आहेत.

तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी शिकवणाऱ्या क्लासला मी कोणाला पाठवत नाही. आठवीपासून मुलाला एक वही द्या. रोज संध्याकाळी त्यात तीन वाक्यं: आज काय बदललं, कशातून कशात, आणि कोणी बदललं. फेरीची वेळ, माशांचा भाव, वारा, शाळेतला तास, काहीही चालेल. शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंना किंवा सरांना आठवड्यातून एकदा विनंती करा, की फक्त क्रियापदं तपासा. आई-बाबांना इंग्रजी येत नसलं तरी चालेल. वाक्य मराठीत करून सांगायला लावा आणि विचारा, ‘आपोआप बदललं की कोणी बदललं?’