हेराल्डला दिवसाचे दिवे लावताना

मद्रासजवळ वंडलूरच्या ‘स्टँडर्ड’ कारखान्यात 1961 पासून हेराल्ड तयार होऊ लागली. ही गाडी बुटकी, त्यातून रंग गडद असला तर ईस्ट कोस्ट रोडवर समुद्राकडून येणाऱ्या सकाळच्या उन्हात ती समोरच्याला फार उशिरा दिसते. म्हणून अड्यारमधल्या एका मराठी हेराल्डमालकांनी डीआरएल, म्हणजे दिवसा लागणारे एलईडी दिवे, बसवून घेतले.

स्विच टाकला, दिवे लागलेच नाहीत. डॅशबोर्डखालून धूर मात्र निघाला.

जुन्या ब्रिटिश बनावटीच्या अनेक गाड्यांप्रमाणे त्यांच्या गाडीतही बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला होता. नव्या दिव्याचे धातूचे कवच आतून मायनसला होते आणि ते थेट बॉडीवर कसले होते. सरळ शॉर्ट! वाटेत फ्यूज नसल्याने वायरचे आवरण वितळू लागले. त्यांनी झटपट बॅटरीची वायर सोडवली, म्हणून गाडी वाचली.

तरीही दिवे हवेतच, असे त्यांचे ठाम मत आहे. स्वीडनने 1977 मध्येच दिवसा दिवे सक्तीचे केले. युरोपीय संघात 2011 पासून नव्या मोटारींच्या मॉडेलना डीआरएल आवश्यक झाले. आपल्याकडे 2017 पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागतो.

मग जुन्या गाडीचे हेडलाइटच का लावू नयेत? 45 वॅटचे दोन दिवे सात-आठ अँपिअर खातात आणि सिग्नलला इंजिन संथ चालताना जुना डायनॅमो जेमतेमच चार्ज करतो. एलईडीची जोडी साधारण एक-दोन अँपिअरमध्ये भागते.

गॅरेजमध्ये गाडी देण्याआधी बॉडीला जोडलेला ‘अर्थ’ प्लसचा की मायनसचा, हे मीटरने तपासून घ्यावे. प्लसचा असेल तर प्लास्टिक कवचाचे, दोन्ही वायरी स्वतंत्र असलेले दिवे घ्यावेत. वीज रिलेमार्फत द्यावी आणि फ्यूज बॅटरीला लागूनच बसवावा. हेडलाइट लागताच डीआरएल बंद व्हायला हवेत, नाहीतर रात्री समोरच्याचे डोळे दिपतात. हेराल्डचे बॉनेट मडगार्डसकट पुढे उलटते. तिथून जाणाऱ्या वायरीला ढील ठेवावी आणि वर रबरी नळी चढवावी. क्रोमच्या बंपरला भोक न पाडता त्याच्या मूळ बोल्टवरच पट्टी कसता येते.

एक गोष्ट मात्र विसरू नये. डीआरएल लागले तरी टेललॅम्प लागत नाहीत. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसात चेन्नईत भर दुपारी अंधारून येते, तेव्हा नेहमीचे दिवेच लावावेत.